कढईवाल्याचं बीट

त्यो मानूस मला सोरा गड्डा म्हनायचा. हळद काडली का झाडाच्या बुडाला मागल्या वर्साचं बेनं निगतं बगा, सुरकुतलेलं, आतून पोकळ, त्ये सोरा. बाजारात त्याला धड भाव न्हाई. आठ गावच्या मानसांपुढं, जत्रेच्या पारावर उभं राहून, माझ्याकडं हातातली काडी करून त्यो म्हनायचा, "आन ह्यो वाडीचा सोरा गड्डा. डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. काहून राहतो ते त्याला बी माहीत न्हाई."

लोक हासायचे. मी बी हासायचो. माझी बायको तं सगळ्यात मोठ्यानं हासायची. पन आतून मला असा राग यायचा का वाटायचं, ह्याला उचलावं आन ह्याच्याच कढईत टाकावं.

बरं, त्याला खोटं बी म्हनता येईना. कबड्डीत माझा खेळ कसा व्हता ते सांगतो. गडी चढाईला आला का त्याच्या पायाला झोंबायचं, एवढं मला कळायचं. पन धुराळ्यात कोनचा पाय आपला आन कोनचा दुसऱ्याचा ते कळायचं न्हाई. एकदा मी आमच्याच कॅप्टनचा, उत्तमचा पाय असा गच धरला का पंच शिट्टी वाजवायची सोडून कपाळाला हात लावून बसला. तरी बी मी म्हनतो, मानसाला असं चारचौघांत बोलावं का? त्यो जाऊन आता लई वर्सं झाली. माझा राग काही गेला न्हाई. दरसाल हळद काडायला आली का हळदीसंगं त्यो बी उगवतो.

त्याचा धंदा हळद शिजवायचा. तवा वाफेचे कुकर निगाले न्हवते, आन हिंगोली अजून परभनी जिल्ह्यात व्हती. भली मोठी लोखंडी कढई बैलगाडीत उलटी घालून त्यो माघापसून गावोगाव हिंडायचा. बांधाला चूल खंदायची, दगडावर कढई ठेवायची, हळद भरायची, पानी सोडायचं, वरून पाला आन बारदाना टाकायचा, आन खालून जाळ. लाकडं आमी आनायची, पानी आमी आनायचं, टोपल्या आमी उचलायच्या, आन शिव्या बी आमीच खायच्या. त्यो सोता काय करायचा? वाफेत तोंड घालून उभा राहायचा. मंग बांबूची बारीक काडी हळदीत खुपसायचा. काडी आरपार गेली का वरडायचा, "वडा जाळ! बगता काय, मुडद्यांनो?"

ती काडी कायम त्याच्या कानावर. मानसं बी तिनंच तपासायचा. बोलता बोलता एखाद्याच्या मांडीत खुपसायचा. गडी वरडला का म्हनायचा, "कच्चा हाय." न्हाई वरडला तं म्हनायचा, "जास्त शिजला." त्याच्या मनाजोगता शिजलेला मानूस मला काही दिसला न्हाई.

धोतर पिवळं, मिशी पिवळी, नखं पिवळी. अंगाला बारा म्हैने हळद, आन लगीन काही झालं न्हाई. ह्यावर म्या एकदा कढईपाशी इनोद केला. लोक हासले. त्यो न्हाई हासला. त्या साली त्यानं माझी हळद सगळ्यात शेवटी शिजवली, आन तवर अवकाळी पाऊस येऊन सगळं भिजवून गेला. बायको म्हनली, "अजून करा इनोद." तिचं बी बराबर व्हतं.

आता कबड्डीचं सांगतो. हनुमान जयंतीला जत्रेच्या गावात आठ गावच्या टीमा खेळायच्या. हळद शिजून वाळत पडलेली, मानसं मोकळी. आन ह्यो तवर आठी गावांत कढई लावून आलेला असायचा. कोन किती उचलतो, कोनाचा दम कुटं तुटतो, कोन कोनाला पानी देतो, कामाच्या टायमाला कोन बिडी वडाया झाडामागं जातो, सगळं त्यानं बगितलेलं. म्हनून जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी कमिटीवाले त्याला पारावर उभं करायचे. ह्याला म्हनायचे बीट. मोंढ्यात हळदीचे ढीग घालून वेपारी भाव बोलतात ते बीट, तसं ह्यो टीमांचं बोलायचा. यंदा कोन कितव्या नंबरला.

"टेकडीवाले," असं सुरू करायचा. "अंगात ताकद हाय. पन दुपारच्याला भाकर खाल्ली का झोपत्यात. सामना भाकरीआदी असला तं जिंकतील. चौथा नंबर. बराबर?"

ह्ये "बराबर?" म्हनजी इचारनं न्हवतं. "न्हाई" म्हनायची कोनाची छाती व्हती?

"शाळेपाशी राहत्यात ते. गडी चांगले, पन तिगांला एकच पोरगी आवडती. पाचवा नंबर." ती पोरगी तितंच शेंगा खात उभी! तिच्या बापानं पायतान काडलं आन तिगंबी पळाले. पाचवा नंबर जागच्या जागी खरा झाला.

सोता त्यो जन्मात कबड्डी खेळला न्हवता. धुरानं छाती गेलेली, चार डाव कबड्डी-कबड्डी म्हनला का खोकला लागायचा. आन सगळ्यात इचित्र सांगू का? सामने त्यो बगायचाच न्हाई. बीट बोलून झालं का दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मैदानाकडं पाठ करून आडवा व्हायचा. कोनी म्हनलं, "काका, बगा तं, काय खेळ चाललाय!" तं म्हनायचा, "काल सांगितलं ना काय व्हनार? परत काहून बगू?"

आन व्हायचं बी तसंच. का न्हाई व्हनार? कमिटी जोड्या लावायची त्या ह्याच्याच बीटावरून. पयल्या नंबराची गाठ आठव्यासंगं, दुसऱ्याची सातव्यासंगं. ह्यानं ज्याला आठवा म्हनलं, त्यो पयल्याच सामन्यात सगळ्यात दांडग्या टीमच्या तोंडी. मंग त्यो हारनार न्हाई तं काय लाडू खानार? आमी दोन साल लागोपाठ आठवे व्हतो. दोन्ही साल नदीकाठच्या टीमनं आमाला कपडे झटकावे तसं झटकलं. एका साली तं चड्डी बी फाटली. माझीच, आनखी कोनाची?

आमची टीम म्हनजी वाडी-तांडा. वर आमची मेंढरंवाल्यांची वाडी, खाली नाल्यापल्याड तांडा. एका साली आमची मेंढरं त्यांच्या हरबऱ्यात शिरली. मारामारी झाली, पोलीस आले, आन त्या दिसापून येनंजानं बंद. माझं डोस्कं फुटलं ते आमच्याच मानसाच्या काठीनं, ते जाऊ द्या. पुढच्या हंगामात ह्यो कढई घेऊन आला. वाडीवाले म्हनले चूल वर खंदा, तांड्यावाले म्हनले खाली खंदा. ह्यो म्हनला, "दोन ठिकानी खंदाया मी तुमच्या बापाचा नोकर हाय का?" आन त्यानं बराबर मधल्या बांधावर चूल खंदली. जितं डोस्की फुटली व्हती तितंच. शिजवायची तं शिजवा, न्हाई तं कच्ची इका.

मंग काय करता? इकडून आमी टोपल्या आनायच्या, तिकडून ते. पयल्या दिवशी कोनी बोललं न्हाई. दुसऱ्या दिवशी तांड्याचा उत्तम मला म्हनला, "तुमची टोपली गळून राहिली." मी म्हनलो, "माझं सगळंच गळून राहिलं, भाऊ." त्यो हासला. तितून आमचं बोलनं सुरू झालं. मंग जत्रेच्या कबड्डीचा इषय निगाला. वाडीत सात गडी भरंनात, तांड्यात बी भरंनात. दोन्हींचे मिळून सात झाले. उत्तम कॅप्टन. त्याच्यासारखी चढाई मी दुसऱ्या कोनाची बगितली न्हाई, वाऱ्यासारखा जाऊन यायचा. आन मी डावा कोपरा, कारन आठवा गडीच न्हवता.

पन कमिटीचा एक नियम व्हता. जी टीम तीन साल लागोपाठ एक बी सामना जिंकनार न्हाई, तिचं नाव काडायचं. जागा दुसऱ्या गावाला. आमचे दोन साल तं गेले व्हते.

तिसऱ्या साली उत्तम मला म्हनला, "नाव निगालं तं टीम मोडंल. टीम मोडली तं आपुन परत बांधाच्या इकडं अन् तिकडं. मेंढरं तं दरसाल येनारच हायत." मी म्हनलो, "मेंढरं मी बांधून ठेवतो." त्यो म्हनला, "तुमी खेळात माझाच पाय धरता, मेंढरं कोनाची बांधाल?" त्या हासन्यात बी त्याच्या जिवाला घोर व्हता.

त्याच साली कढईपाशी एक परकार झाला. हळद भरलेली, पानी खळखळा उकळून राहिलेलं, आन चुलीचा एक दगड सरकला. कढई कलली. ह्यो म्हातारा त्याच बाजूला, वाफेत तोंड घालून. समजंस्तवर उत्तमनं लाकडाची बल्ली कढईखाली घातली. दोगं इकडून, दोगं तिकडून, असं करत आमी साती जन बल्ल्यांला खांदा देऊन उभे. पानी हिंदकळून पायावर येऊन राहिलं, पन कोनी हाललं न्हाई. बायांनी दगड आनून लावंस्तवर तसंच. मला इचारलं तं मी पळनार व्हतो. पन माझ्या लुंगीचं टोक बल्लीखाली अडकलं व्हतं.

दगड लागला. आमच्या पायाला तेल लावून झालं तवा म्हातारा एकेकाच्या मांडीत काडी खुपसून गेला. माझ्यापाशी आला. मी सरळ सांगून टाकलं, "काका, मी धरलं न्हाई. लुंगी अडकली व्हती."

त्यो म्हनला, "लुंगी सोडून पळता आलं असतं."

आता ह्ये मला सुचलंच न्हवतं! पन त्यानं ऐकून घेतलं न्हाई.

मंग आला बीटाचा दिवस. पाराभवती ही गर्दी. रेवड्यावाले, फुगेवाले, लाऊडस्पीकरचा पोरगा, आठी गावचे गडी. ह्यो पारावर चढला. कायम कुटून बी सुरू करायचा, पयला नंबर शेवटाला ठेवायचा. त्या दिवशी म्हनला, "पयल्यापून सांगतो. पयला नंबर, वाडी-तांडा."

मंग असा हासा झाला का लिंबावरचे कावळे उडाले. सगळ्यात आदी कोन हासलं? मी. मला वाटलं इनोद हाय. ह्यानं जिंदगीत पयल्यांदा इनोद केला आन आपुन न्हाई हासलो तं बरं दिसत न्हाई.

ह्यो असा भडकला! काडी मोडून फेकली. "हासता? बैताडांनो, तुमी घरात खाटंवर बसून हासता. मी वाफेत उभा राहून बगितलंय. सात मानसं, दोन गावची, एक दम. एकाचा बी पाय हालला न्हाई. असे सात तुमच्या कोनाच्या गावात हायत का? दाखवा!"

कमिटीचा अध्यक्ष म्हनला, "बरं बरं, काका. आन आठवा कोन?"

"आठवा नदीकाठ."

आता हासनं बंद झालं. नदीकाठ म्हनजी मागल्या दोन्ही सालची जिंकलेली टीम. उंचेपुरे गडी. ह्यो म्हनला, "पन यंदा कढईपाशी त्यांच्या घागरी दोन. इलेक्शन झालंय. निवडून आलेल्याकडचे एका घागरीचं पानी पित्यात, पडलेल्याकडचे दुसरीचं. टोपली द्यायची तं एकमेकाच्या हातात देत न्हाईत, भुईवर ठेवत्यात. ज्या टीमची घागर फुटली ती कवाच गेली. आठवा नंबर. बराबर?"

खरं सांगतो, त्याचं बराबर व्हतं. नदीकाठची टीम त्या दिवशी खरंच फुटलेली व्हती. त्यांचे दोन मोठे गडी, एक इकडच्या पॅनलचा एक तिकडच्या, पाराच्या दोन टोकाला तोंड फिरवून बसले व्हते. म्हातारा जर गप बसला असता, तं आमी त्यांला झोपेत मारलं असतं.

पन त्यानं बोलून दाखवलं. आठ गावांपुढं. आन मी माझ्या ह्या डोळ्यांनी बगितलं. इकडच्या गड्यानं तिकडच्याकडं बगितलं. दोगांचे बी कान लाल. इकडचा उठला, पाराच्या त्या टोकाला गेला आन खिशातली तंबाखूची डबी म्होरं केली. तिकडच्यानं थोडी वाट बगितली. मंग चिमूट घेतली.

मी उत्तमला म्हनलो, "मेलो आपुन."

उत्तम म्हनला, "काहून? पयला नंबर हाय आपला!"

त्याला ऐकूच येत न्हवतं. कोनालाच न्हाई. हलगी वाजाया लागली. दोन साल आठवे असनाऱ्याला कोनी पयला म्हनलं का त्याचं काय व्हतं ते मला कोनी इचारा. वाडीचे म्हातारे, तांड्याच्या बाया, सगळे नाचून राहिले. गुलाल उधळला. सामना दुसऱ्या दिवशी आन गुलाल आदल्या दिवशी! मला बी दोगांनी खांद्यावर घेतलं. मेलो म्हननारा मी, पन खांद्यावर बसल्यावर मी बी हात वर करून "पयला नंबर" वरडलो. तवाच त्यांनी मला पाडलं. गुडगा फुटला.

जोड्या लागल्या. नियमानं पयल्याची गाठ आठव्यासंगं. आमची नदीकाठासंगं, दिवसाचा पयलाच सामना.

आन काय सांगू, त्या दिवशी म्हातारा लिंबाखाली झोपला न्हाई. जिंदगीत पयल्यांदा मैदानाच्या रेघंला येऊन बसला.

नदीकाठचे आले ते कोनाशी बोलंनात. पानी प्यायले ते एका घागरीतून. मुद्दाम, सगळ्यांला दिसंल असं. सामना मातर आमी सोडला न्हाई. उत्तमनं चढाया केल्या त्या कोनी इसरनार न्हाई. आमचे गडी असे झुंजले का बराबरीवर आनला सामना. मी काय केलं? मी एक गडी पकडला. खरंच पकडला, दुसऱ्या टीमचा. पन पकडल्याच्या आनंदात मी पंचाकडं तोंड करून हात वर केले, आन त्यो माझ्या हातातून निसटून रेघंवर पडला. एक पॉइंट त्यांला. आता रडावं का हासावं?

शेवटची चढाई उत्तमची. त्यो आत गेला, एकाला शिवला, वळला, आन त्या दोगांनी त्याला धरला. तंबाखूवाल्या दोगांनी. एकानं पाय, एकानं कंबर. उत्तमचा हात मधल्या रेघंपून एक वीत लांब. "कबड्डी, कबड्डी" असं त्यो म्हनत राहिला, बोटं भुईत रुतवत राहिला. मंग दम गेला.

हारलो. नाव निगालं.

उत्तम तितंच पालथा पडून राहिला. आन ह्यो म्हातारा उठला. मला वाटलं, आता त्यो आमाला शिव्या घालंल. घालू दे, म्हनलं, आज घातल्याच पायजेत. पन त्यो मैदानात शिरला आन पंचापुढं जाऊन उभा राहिला.

"ह्ये चुकलंय," त्यो म्हनला.

पंच म्हनला, "काय चुकलं? पकड सरळ हाय. तुमचं बीट चुकलं, काका."

"बीट बराबर हाय," म्हातारा म्हनला. "खेळ चुकला. परत घ्या."

लोक हासून हासून लोळाया लागले. अध्यक्ष म्हनला, "काका, बाजूला व्हा, दुसरा सामना हाय." ह्यो मधल्या रेघंवर फतकल मारून बसला. "मी आठ गावची हळद शिजवतो. मला सांगता का काय कच्चं आन काय पक्कं? ह्ये पोरं पयले हायत. नाव काडायचं न्हाई!" खोकल्याची उबळ आली तरी बोलत राहिला. शेवटी कमिटीच्या पोरांनी त्याला काखंत धरून भाईर नेला. पाय भुईवर घासत. आन नेताना बी त्यो वरडून राहिला, "पयला नंबर, वाडी-तांडा!"

तवा मला त्याची दया आली असंल असं वाटतं का तुमाला? न्हाई आली. मला शरम आली. मी तोंडावर टावेल घेतला.

पुढच्या सालापून कमिटीनं त्याला पारावर उभं करनं सोडून दिलं. आमचं नाव काडलं आन त्याचं बीट बी काडलं. मंग ह्यो फाट्यावरच्या हाटेलात बीट बोलाया लागला. लोक गंमत म्हनून जमायचे. आन दरसाल, बगा, दरसाल, सुरवात तीच. "पयला नंबर, वाडी-तांडा."

कोनी म्हनायचं, "काका, ती टीमच न्हाई आता."

"मी इचारलं का तुला?"

हिंगोली जिल्हा झाला. वाफेचे कुकर आले, घंटाभरात हळद शिजाया लागली, ह्याची कढई पुतन्याच्या आंगनात उलटी पडली आन तिच्याखाली कोंबड्या बसाया लागल्या. तरी बीट चालूच. टेकडीवाले कवा दुसरे, कवा पाचवे. नदीकाठ वरखाली. आमी पयले. आमच्यातल्या एकाला शुगर झाली, आमी पयले. एकाचं गुडघ्याचं आपरेशन झालं, आमी पयले. माझी बसता उठता बोंब, तरी आमी पयले!

आन लोक आमाला सोडतील का? बाजारात गेलो का भाजीवाली म्हनायची, "या, पयला नंबर." पोरीच्या लगनात व्याही म्हनला, "आमाला सोयरे बी पयल्या नंबरचे मिळाले." मांडव हासला. मी बी हासलो, पन रात झाली तरी राग काही गेला न्हाई.

दरसाल बीट झालं का उत्तम नाला वलांडून वर माझ्याकडं यायचा. "ऐकलं का? म्हातारा परत बोलला." मंग मी चहा ठेवाया सांगायचो, आन आमी दोगं बसून त्याला शिव्या द्यायचो. बाकीचे बी यायचे. हळूहळू साती जमायचे. प्रत्येकाची शिवी येगळी. माझी बायको म्हनायची, "बारा म्हैने एकमेकाचं तोंड बगत न्हाई, आन शिव्या द्याया बरं जमता."

शेवटी एका साली उत्तम म्हनला, "बास. जाऊन सांगू त्याला. आपलं नाव घ्यायचं न्हाई." काळी-पिवळी जीप केली. साती जन बसलो. कोनाचा गुडगा आखडलेला, कोनाचं पोट म्होरं, मला तं वर चढवाया दोगं लागले.

म्हातारा पुतन्याच्या आंगनात बाजंवर पडलेला. हाडं नुसती. पन आमाला बगून उठून बसला.

उत्तम म्हनला, "काका, आता बंद करा. आमचं नाव नका घेत जाऊ. लोक हासत्यात."

"काहून नको घेऊ?"

"टीम न्हाई राहिली आमची!"

त्यानं आमच्याकडं एकेक करून बगितलं. "ह्ये काय हाय मंग? सात तं हायत."

आता माझं डोस्कं फिरलं. म्या म्हनलं, "आवो, आमी हारलो व्हतो! सगळ्या दुनियेपुढं हारलो. तुमीच तं रेघंला बसून बगत व्हते!"

"हारलात," त्यो म्हनला. "एक डाव. मी न्हाई म्हनतो का? त्याच्यानंतर कोनी हरवलं तुमाला?"

मी बोटांवर सालं मोजाया लागलो.

"सांगा ना. टेकडीवाल्यांनी हरवलं? शाळंवाल्यांनी? नदीकाठचे तं तवापून दरसाल कोना ना कोनाकडून मार खाऊन येत्यात. तुमाला कोनी?"

उत्तम म्हनला, "खेळलोच न्हाई, तं हरवंल कोन?"

"त्ये मी इचारतच न्हाई," म्हातारा भडकला. "हरवलं कोन, तेवढं सांगा. न्हाई ना कोनी? मंग कितवा नंबर देऊ? दुसरा देऊ? कोनाच्या खाली बसवू तुमाला, मुडद्यांनो?"

आन त्याला असा खोकला लागला का पुतन्याची बायको पानी घेऊन आली आन आमाला म्हनली, "जावा बाबा तुमी आता."

परत जीपमधी बसलो. फाटा आला तसा उत्तम डायव्हरला म्हनला, "घराकडं नको. जत्रेच्या गावाला घे."

मी म्हनलो, "तितं कशाला?"

"चला तं."

जत्रा दोन दिसांवर व्हती. मारोतीच्या मंडपात कमिटी बसलेली. अध्यक्ष नवा, जुन्या अध्यक्षाचा पोरगा. चांगला पोरगा, आमाला बगून उठला, खुर्च्या मागवल्या. "या दाजी, या. काय काम काडलं?"

उत्तम बसला न्हाई. म्हनला, "हारायला आलो."

"काय?"

"एक सामना द्या. कोनासंगं बी द्या, बारक्या पोरांसंगं द्या. हारतो आन जातो. मंग त्यो म्हातारा तरी गप बसंल."

पोरगा हासला. मंग त्याला दिसलं का आमी कोनी हासून न्हाई राहिलो. त्यानं इकडं तिकडं बगितलं आन हळूच म्हनला, "दाजी, तुमचं नाव काडलेलं हाय. काडलेल्या टीमला खेळता येत न्हाई."

"आमाला खेळायचं कुटं हाय? हारायचंय."

"पन हाराया बी नाव लागतं, दाजी."

आमी सात जन तितंच उभे. मंडपाभाईर कोनत्या तरी गावची पोरं रेघा मारून राहिली व्हती. उत्तम त्यांच्याकडं बगत व्हता, आन मी उत्तमकडं. आता जिंकता येईना आन हारता बी येईना. असा राग मला उभ्या जन्मात आला न्हाई. आन पयल्यांदा कळंना का त्यो कोनावर काडावा. म्हातारा तं खोटं काहीच बोलला न्हवता.